हितलाच धोंडा

जानकाबाय होलम ज्या धोंड्यावर बसून सुकटाची राखण करायची, त्या धोंड्यात माझी नोकरी होती. नोकरी होती, कॉलेजच्या वसाहतीतल्या दोन खोल्या होत्या, सासऱ्यांच्या तोंडाला लागणारं कुलूप होतं, आणि एका समुद्री सरड्याच्या लॅटिन नावामागे कायमचं चिकटणारं माझं आडनाव होतं. ही शेवटची बाब मी कुणाजवळ बोललो नव्हतो. पण प्रयोगशाळेत कुणी नसताना ते नाव एकदा फळ्यावर लिहिलं, दोन पावलं मागे जाऊन कसं दिसतं ते पाहिलं, आणि पुसलं होतं. 'लोवलेकराय'. बरं दिसत होतं.

जानकाबायला त्या धोंड्यातून काय मिळणार, हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही.

साल चौऱ्याऐंशी. तालुक्याच्या कॉलेजात मी भूगर्भशास्त्राचा हंगामी व्याख्याता होतो. हंगामी म्हणजे जूनमध्ये नेमणूक आणि एप्रिलमध्ये निरोप. आंब्याचा मोहोर आला की मी वर्तमानपत्रातल्या नोकरीच्या जाहिराती कापायला लागायचो. विभागात विद्यार्थी पाच. त्यातला एक गणिताला जागा मिळेपर्यंत टेकलेला, आणि दुसरा माझ्या बायकोचा मावसभाऊ. हा विभाग गुंडाळावा की चालू ठेवून माझी जागा कायम करावी, ते ठरवायला मार्चमध्ये विद्यापीठाचा माणूस येणार होता. विभागाने आजवर काय केलं, असं त्याने विचारलं असतं तर दाखवायला माझ्याकडे दगडांचं एक कपाट होतं आणि त्याची किल्ली हरवलेली होती.

अशा मनःस्थितीत डिसेंबरातल्या एका सकाळी मी शिरखाडीच्या किनाऱ्यावर फिरत होतो. अंगात खाकी कपडे, खांद्याला कॅनव्हासची पिशवी, कमरेला हातोडी, हातात वही. खारव्यांची तीस-चाळीस घरं, पुढे वाळूत मासळी सुकत घातलेली. त्या वाळवणाच्या कडेला पन्नाशीची एक बाई धोंड्यावर बसून, त्याच धोंड्याच्या कडेवर मासळी कापायची कोयती घासत होती.

कोकणात दगड दोनच. काळा आणि जांभा. हा धोंडा गुळाच्या ढेपेसारखा पिवळट होता, आणि बाईच्या पायांमागे, धोंड्याच्या अंगात, कॅरमच्या सोंगट्या उभ्या रचून ठेवाव्यात तशा सहा चकत्या रांगेने बसलेल्या होत्या. दोन्ही बाजूंनी वाटीसारख्या खोलगट.

मी वाळूत गुडघे टेकले.

बाईने पाय वर घेतले. "काय पडलं काय, सायेब?"

"बाई, जरा उठता?"

"कशाला? मी उठले की कावळे बसतील."

"तुम्ही कशावर बसलायत ठाऊक आहे?"

"धोंड्यावर."

"हा इक्थिओसॉर आहे, बाई! डायनासोरांच्या काळात समुद्रात राहणारा सरडा. दिसायला माशासारखा, पण सरडा. हा त्याच्या पाठीचा कणा. पंधरा-सोळा कोटी वर्षं जुना!"

बाईने खाली वाकून पाहिलं. "काटा हाय तो. येवढं कळतं आमाला."

"तुम्ही कोण?" मी वही उघडली.

"तुमी कोण?"

आता, सामान्य माणसाला आपलं शास्त्र दोन शब्दांत सांगता यावं म्हणून मी एक वाक्य तयार करून ठेवलेलं होतं. त्याचा मला अभिमान होता. मी म्हणालो, "जमिनीत काय काय दडलंय, ते शोधत फिरतो मी."

कोयती थांबली.

"हितं काय नाय दडलेलं," बाई म्हणाली.

"हा दगड कुठून आला?"

"आला नाय. हितलाच हाय."

"म्हणजे नेमका कुठला?"

तिने मान न वळवता हाक मारली, "रे पिलू, ह्यो धोंडा कुटला?" पलीकडे जाळं सांधत बसलेल्या पिलू वासावेने वर न बघता सांगितलं, "हितलाच. त्या म्होरच्या कड्याखालचा." त्याच्या शेजारच्यानेही तेच सांगितलं. पाणी घेऊन जाणाऱ्या दोन बायकांना मी थांबवून विचारलं, त्यांनीही तेच. एका म्हाताऱ्याने तर कडा बोटाने दाखवला आणि वर म्हणाला, "अवसेच्या ओहोटीला उगडा पडतो तितला."

सहा साक्षीदार, सहा मुखी एकच उत्तर. आमच्या स्टाफरूममध्ये आज वार कोणता यावरही इतकं एकमत झालेलं मी पाहिलं नव्हतं. मी वहीत लिहिलं, 'स्थानिक. निःसंशय.' आणि खाली दोन रेघा मारल्या.

पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळलं असतं की काळ्या दगडाच्या किनाऱ्यावर पिवळा दगड उगवत नाही. मलाही कळत होतं. पण मला कळत होतं ते एप्रिलपर्यंतचं होतं, आणि मला हवं होतं ते निवृत्तीपर्यंतचं. मी एक सिद्धांत बसवला: काळ्या दगडाच्या पोटाखाली जुन्या समुद्राचा एक थर असणार आणि तो फक्त त्या कड्याखाली डोकं वर काढत असणार. पुढच्या दोन अमावास्यांना मी ओहोटीच्या वेळी कड्याखाली जाऊन तो थर शोधला. दुसऱ्या खेपेला शेवाळावरून घसरून पँट गुडघ्यापासून वरपर्यंत फाटली. थर सापडला नाही. तेव्हा मी टिपणात लिहिलं की थर ओहोटीच्या रेषेच्याही खाली असावा. म्हणजे कुणालाच बघता येणार नाही अशा ठिकाणी.

टिपण डॉ. त्रिंबक हर्डीकरांना पाठवलं. विद्यापीठातून आमच्या विभागाचा निकाल लावायला येणारे तेच होते. त्यांचा तारेने जवाब आला: 'धोंड्याला हात लावू नका. चौदाला येतो.' हर्डीकरांना निवृत्तीला अकरा महिने उरले होते आणि त्यांच्या नावावर तोवर फक्त एक शिंपला होता.

तेराला दुपारी मी शिरखाडीला गेलो. जानकाबाय धोंड्यावर होती. एव्हाना माझ्या फेऱ्या इतक्या झाल्या होत्या की ती मला पाणी विचारायची. चहा मात्र कधी दिला नव्हता.

"जानकाबाय, उद्या मोठे साहेब येणार आहेत. पुण्याहून."

तिच्या हातातली काठी खाली आली. "आनि किती मोठे? माजं वाळवण पुना खणनार काय?"

"कोण खणणार?"

"तुमीच. कष्टमवाले." ती एकदम भडकली. "त्या खेपेला बिस्किटं शोदलीत. सोन्याची! हितं सुकट वाळतं, सोनं वाळतं काय? समदी वाळू उलटीपालटी केलीत. माज्या घोवाला तीन दिवस चौकीवर बसवून ठेवलान. हाताला काय लागलं? बोंबील!"

"अहो, पण मी कस्टमवाला नाही."

"खाकी हाय. वही हाय. जमिनीत काय दडलंय म्हनून विचारलंत."

"मी कॉलेजात शिकवतो! दगडांचं शिकवतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. पिलू वासावेने पहिल्यांदाच जाळ्यावरून मान वर केली.

"मास्तर हायसा?"

"हो."

"मेल्या पिलू, मास्तर हाय ह्यो!" ती जी हसायला लागली, ती पदर तोंडात कोंबूनही थांबेना. "आनि आमी तीन महिने... अवो मग तवाच नाय सांगायचं? बसा. पिलू, च्या सांग."

चहा आला. चहाबरोबर खरी हकिगत आली.

जानकाचा बाप धाकू तांडेल गलबतावर होता. नारळ आणि इमारती लाकूड भरून कच्छात मांडवीला जायचं. तिकडून बरेचदा रिकामं यायचं. रिकामं गलबत वाऱ्याला कलंडतं, म्हणून बुडाशी मांडवीचे दगड भरायचे. त्याला नीरम म्हणतात. घरी आलं की खाडीच्या तोंडाशी ते दगड फेकून द्यायचे आणि नवा माल भरायचा.

"तसलाच ह्यो," तिने धोंड्यावर थाप मारली. "गलबतातनं आला म्हनून कष्टमला कोन सांगंल? पन ह्यो बापसाने नाय फेकला. मी सात वर्साची. मला म्हनाला, जानके, ह्या माशाचा काटा बघ कसला, आक्ख्या गावाला पुरला असता. तू ह्याच्यावर बस आनि मी येईस्तवर राखन कर. चौगांनी ढकलत आनलान हितपर्यंत." ती थांबली. "फुडच्या खेपेला गलबत आलं नाय."

"मग?"

"मग काय? बसले हाय."

पिवळा दगड, कच्छचा. कच्छात असले सरडे सापडतात हे मी स्वतः विद्यार्थ्यांना शिकवत होतो. कोकणात नवा थर नव्हता, नवा सरडा नव्हता, लोवलेकराय नव्हता. तीन महिने मी एका बाईच्या बैठकीवर शोधनिबंध लिहिला होता. मी तिला दगडाचं वय विचारलं, जात विचारली, मोजमाप घेतलं. बाई, तुमच्या घरचे काय करायचे, एवढं विचारलं नव्हतं.

आणि तिथे बसल्या बसल्या, कप खाली ठेवायच्या आत, मी सगळं डोक्यात मांडून पाहिलं. खरं सांगितलं तर उद्या हर्डीकर हसतील, विभाग जाईल, मेमध्ये मी सासऱ्यांच्या किराणा दुकानात पुड्या बांधत असेन. खरं नाही सांगितलं तर... कुणाचं काय जातंय? कच्छच्या सरड्याला कोकणात आणून बसवला तर तो थोडाच तक्रार करणार आहे?

"जानकाबाय," मी आवाज खाली आणला. "उद्या ते साहेब विचारतील. त्यांना आधीचंच सांगा. हितलाच आहे म्हणून."

ती गोंधळली. "पन ते कष्टमचे नायत म्हनता."

"नाहीत."

"मग खोटं कशाला? खोटं कष्टमला सांगायचं. मास्तरांना नाय."

"माझी नोकरी आहे त्यावर."

तिने काठी वाळूत टेकवली. "पोरं किती?"

"दोन मुली."

"मोटी केवडी?"

"सात वर्षांची."

हे मी मुद्दाम सांगितलं नाही. मोठी सातच वर्षांची होती. पण सांगितल्यावर त्याचा काय परिणाम झाला ते मला दिसलं, आणि दिसल्यावर मी गप्प बसलो.

"बरं," जानकाबाय म्हणाली. "सांगते. पन माजा धोंडा हितंच ऱ्हायला होवा."

"धोंड्याला कोण हात लावतंय!" मी म्हणालो. हे वाक्य मी तयार केलेलं नव्हतं. ते आपोआप आलं.

चौदाला सकाळी हर्डीकर आले. डोक्यावर हॅट, पायात बूट, आणि मागे एक टेंपो. टेंपो पाहून मला काय ते कळायला हवं होतं. मला वाटलं, पुण्याहून गाद्या आणल्या असतील.

त्यांनी धोंड्याभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या. खिशातून भिंग काढलं. पहिल्या चकतीवर टेकवलं आणि सहावी चकती येईपर्यंत उचललंच नाही. माणूस वाईट नव्हता. आयुष्यभर शिंपले पाहिलेले होते त्याने.

"लोवलेकर," ते हळूच म्हणाले, "लोवलेकर, हे तुम्ही काय शोधलंत!" मग त्यांना धोंड्याची वरची कड दिसली. "आणि हे घासलंय कुणी?"

"मी," जानकाबाय म्हणाली. "कोयती लावते."

"कोयती! जुरासिक काळातल्या..." त्यांनी हॅट काढून वारा घेतला. "बाई, हा दगड कुठला?"

"हितलाच."

"नक्की? कड्याखालचा?"

"अवसेच्या ओहोटीला उगडा पडतो तितला." तिने एक शब्दही चुकवला नाही. माझ्या विद्यार्थ्यांनी तोंडी परीक्षेत इतकं चोख उत्तर कधी दिलं नव्हतं.

"कडा दाखवता?" हर्डीकरांनी मला विचारलं. मी शेवाळाचं आणि माझ्या पँटीचं सांगितलं. त्यांनी आपल्या गुडघ्यावरून हात फिरवला आणि कडा लांबूनच पाहिला. "ठीक आहे. तुमच्या टिपणात सगळं आहेच."

मग त्यांनी टेंपोवाल्याला खूण केली आणि खिशातून एक छापील कागद काढला.

"एक औपचारिकता. बाई, हा दगड तुमचा खासगी आहे का? म्हणजे वडिलांनी वगैरे बाहेरून कुठून आणलेला? तसं असेल तर मी हलवू शकत नाही, तुमची परवानगी लागेल, आणि दगड तुमचाच राहील. किनाऱ्यावरचाच असेल तर मात्र तो सरकारी."

समुद्र होता, कावळे होते, पिलू वासावे आणि त्याचे तिघे सोबती होते. 

जानकाबायने माझ्याकडे पाहिलं.

त्याच वेळी माझ्या बुटाची नाडी सुटली. खरं म्हणजे सुटली नव्हती. मी वाकलो आणि आधी ती सोडली, मग बांधायला घेतली. एका नाडीला इतका वेळ लागू शकतो हे मला त्या दिवशी समजलं.

"सायेब," वरून तिचा आवाज आला. तो मला होता की हर्डीकरांना, ते मी मान वर करून पाहिलं नाही.

मी गाठ सोडून पुन्हा मारली.

"हितलाच हाय," ती म्हणाली.

हर्डीकरांनी कागदावर तिचा अंगठा घेतला. धोंडा उचलायला टेंपोवाला आणि त्याचा सोबती पुरेनात, तेव्हा पिलू वासावे आणि त्याचे तिघे आले. बांबू घातले, दोर आवळले. त्या चौघांनी माझ्याकडे पाहिलं नाही. जानकाबायने पदराने धोंड्याची वरची बाजू एकदा पुसली.

"खालच्या अंगाला धरा रे," तिने सांगितलं. "वर गुळगुळीत झालाय. हात सटकंल."

टेंपो गेला. ती वाळवणाशी उभी राहिली. मी म्हणालो, "जानकाबाय, मला ठाऊक नव्हतं हो ते टेंपोचं..."

"नोकरी ऱ्हाईल ना?"

"हो."

"मग जावा."

जूनमध्ये मी कायम झालो. खोल्या मिळाल्या. सासरे गप्प झाले. हर्डीकरांचा निबंध एका इंग्रजी नियतकालिकात निघाला. माझे आभार पहिल्याच परिच्छेदात होते.

सव्वादोन वर्षांनी हर्डीकरांच्याच एका विद्यार्थिनीने त्या दगडाचा कागदासारखा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली घातला. आतले बारीक कण आणि शिंपल्यांचे तुकडे हुबेहूब कच्छचे निघाले. तोवर हर्डीकर निवृत्त झाले होते. त्यांनी त्याच इंग्रजी नियतकालिकात अर्ध्या पानाची दुरुस्ती छापली. दगड बहुधा जुन्या काळी गलबतातून आला असावा. मूळ निष्कर्ष मागे घेतला आहे. आणि चूक होण्याचं कारण असं की शिरखाडी येथील श्रीमती जे. होलम यांनी दिलेली माहिती अविश्वसनीय होती. माझं नाव त्या अर्ध्या पानात कुठे नव्हतं. मी चारदा शोधलं.

दगड त्यांनी एका कपाटात घातला. चिठ्ठीवर 'स्थळ अनिश्चित' असं लिहिलेलं आहे. तो परत मागायला मला एकच ओळ लिहायची होती: हा धोंडा धाकू तांडेलाचा असून त्यांच्या मुलीचा आहे. पण त्याच्या खाली 'हे मला तेरा मार्चपासून ठाऊक होतं' ही दुसरी ओळ कुणीतरी मागितली असती. तेव्हा मी पहिलीही लिहिली नाही.

दुरुस्तीचा तो अंक मात्र घेऊन शिरखाडीला गेलो. का गेलो ते विचारू नका. जानकाबाय फळकुटाच्या खोक्यावर बसली होती. अंकाकडे बघून म्हणाली, "ह्याच्यात माजं नाव हाय?"

"आहे."

"बापसाचं?"

"नाही."

"असूं दे. माजं हाय ना." तिने मला ते पान कापून द्यायला लावलं. पुढच्या खेपेला पाहिलं तर घरात देवांच्या शेजारी, काचेच्या चौकटीत, ते लटकत होतं. गावात इंग्रजी वाचणारं कुणी नव्हतं. मीही वाचून दाखवलं नाही.

परवा, निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी, मासळी घ्यायला तिकडे गेलो होतो. जानकाबाय थकलीय, पण बसते. आता प्लॅस्टिकच्या क्रेटवर. शेजारी तिची नात पल्लवी. आमच्याच कॉलेजात शिकली, आता रत्नागिरीला नर्स आहे. तिने मला बघितलं आणि तोंड फिरवलं.

"ही माज्यावर रागावलीय, सायेब," जानकाबाय म्हणाली. "तो तसबिरीतला कागुद वाचलान. म्हनते, आजी, ह्याच्यात लिवलंय तू खोटं बोल्लीस. काढ तो."

मी बांगडे निवडत राहिलो.

"मी म्हनलं, मग खोटं कुटं लिवलंय? खोटंच बोल्ले हुते मी. बराबर लिवलंय." तिने कोयती उचलली, क्रेटच्या कडेवर घासायला गेली, आणि प्लॅस्टिक बघून हात मागे घेतला. "कुनासाटी बोल्ले, तेवडं लिवायचं ऱ्हायलं."

"आजी!" नात म्हणाली.

"असूं दे गो. मास्तर हायत. मोटी कुटं असते, सायेब? सात वर्साची हुती ती?"

"बंगलोरला. इंजिनियर आहे."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि खरंच बरं वाटल्यासारखी म्हणाली.

तर या सगळ्यात हर्डीकरांचं अर्धं पान गेलं. माझी, नीट आठवून सांगतो, कड्याखाली फाटलेली एक खाकी पँट गेली. बाकीचं सगळं जानकाबायने भरलं, आणि त्या दिवशी उठताना वर आणखी दोन बांगडे तिने माझ्या पिशवीत टाकले.

मी ते घेतले.